पाणझाडाचा वाफा

आमच्या थोरल्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी ही गोष्ट सुरू झाली. दोन खोल्यांच्या घरात दोन पाळणे, मदतीला म्हणून आलेली सुनेची आई, तिच्या सोबतीला आलेली तिची बहीण, आणि आम्ही दोघं म्हातारी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. एक पोर निजलं की दुसरं उठायचं. विहीणबाई मनाच्या चांगल्या होत्या, पण ओट्याशी त्यांच्या आड कुणी आलं की त्या माणसाला खुर्चीसारखं बाजूला सरकवायच्या. माझ्या बायकोला त्यांनी एका सकाळी दोनदा सरकवलं. तिसऱ्यांदा सरकवायच्या आत हिनं पायांत चपला घातल्या आणि मला म्हणाली, "चला, उठा."

"कुठं जायचं?"

"कुठंही. जिथं मला कुणी हलवणार नाही तिथं."

असे आम्ही चालत चालत जुन्या पोहण्याच्या तलावावर पोचलो.

तो तलाव पालिकेनं वीस वर्षांपूर्वी बंद केला होता. तळाला तडे गेले होते आणि खालून पाणी वर यायचं. कितीही बुजवलं तरी यायचं. ते येणारच होतं. ती सगळी जागा आधी दलदल होती आणि मी लहानपणी तिथं बदकं राखली होती. पुढं शहर आलं, दलदल भरून काढली, मी फरशी बसवायचं काम शिकलो आणि बदकं विसरलो.

एका निवृत्त मास्तरीणबाईंनी पालिकेकडून ती बंद जागा मागून घेतली होती. शहर यायच्या आधी इथं जे उगवत होतं ते पुन्हा उगवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. पगार कुणालाच नव्हता, बाईंनाही नव्हता. दर शनिवारी सकाळी पंधरा-वीस माणसं यायची आणि दुपारपर्यंत राबायची. कपडे बदलायच्या खोलीत भिंतभर लोखंडी कप्पे होते, त्यांत आता बियांची पाकिटं ठेवलेली. कप्प्याची किल्ली रबरी पट्ट्याला बांधून मनगटात घालायची, पोहणारे घालायचे तशीच. अंघोळीच्या खोलीत फवाऱ्याखाली कुंड्या मांडलेल्या. आणि खुद्द तलावात गाळ भरून वाफे केले होते. वाफ्यांवरून फळ्या टाकल्या होत्या, त्यांवर गुडघे टेकून काम करायचं. भिंतीची निळी फरशी तशीच होती. किती पाणी, किती खोल, ते आकडेही तसेच होते.

तळात उतरलं की रस्ता डोक्याच्या वर जायचा. गाड्यांचा आवाज वरून यायचा, पण लांबून, पाण्यातून यावा तसा. निळ्या फरशीवरून उजेड खाली घसरायचा आणि माणसांची तोंडं, हात, बादल्या, सगळं निळसर व्हायचं. पहिल्याच दिवशी फळीवर बसलो आणि मला वाटलं, आपण दलदलीच्या तळाशी आहोत आणि माझी बदकं आपल्या डोक्यावरून पोहत चालली आहेत. त्यांचे नारिंगी पाय मला खालून दिसले. मी हे हिला सांगितलं.

"न्याहारी नीट केली नाही तुम्ही," ती म्हणाली.

ही पस्तीस वर्षं धान्याच्या गोदामात डाळ निवडायची. खडा डोळ्याला दिसायच्या आधी तिच्या बोटांना लागायचा. तण काढायचं काम तिच्या हातात पहिल्या दिवसापासून बसलं. शनिवारी येणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर होते. आठवडाभर लोकांच्या तोंडात बघून कंटाळलेले, म्हणून चिखलात यायचे. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"आजी, तुम्ही माझ्या दवाखान्यात पाहिजे होता. प्रत्येक वेळी मुळासकट!"

"तुमच्याकडे लोक ओरडतात डॉक्टर. इथं कुणी ओरडत नाही, म्हणून जमतं."

त्यांनीच तिचं नाव चिमटा ठेवलं. पुढं सगळेच तिला चिमटाआजी म्हणू लागले. घरात तिला सरकवलं जायचं. तलावात ती बादली घेऊन फळीवर आली की लोक तिच्यासाठी सरकायचे. जाताना ती दर शनिवारी बाईंना एकच शब्द सांगायची, "झालं." आणि बाई वहीत वाफ्यापुढं खूण करायच्या. इतर कुणाचं काम त्या तपासल्याशिवाय सोडत नसत. हिचं तपासत नसत.

पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनीच तिथं मला अडुसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकवली, तेव्हा फी म्हणून पाट्या. कपडे बदलायच्या खोलीत एक मोठा फळा होता. जी झाडं आम्हाला हवी होती त्यांची पानं दाबून, वाळवून त्यावर चिकटवलेली, आणि प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात नाव. बाईंचा नियम होता: फळ्यावर नाही ते वाफ्यात नाही. नव्या माणसाला आधी फळ्यासमोर उभं करायचे, मग हातात बादली द्यायचे.

आता पाणझाडाचं सांगतो. शास्त्रात त्याला मोठं नाव आहे, बाईंनी ते अनेकदा सांगितलं, माझ्या जिभेवर ते बसत नाही. आम्ही त्याला पाणझाडच म्हणायचो. पाण्यात पाय सोडून उभं राहणारं झाड. पान लांब, अरुंद, वरून हिरवं आणि खालून चांदीसारखं. वारा आला की सगळं झाड एकदम पांढरं व्हायचं आणि वारा गेला की पुन्हा हिरवं. माझ्या लहानपणी दलदलीत शेकड्यांनी होती. आम्ही तलावावर जाऊ लागलो तेव्हा शहरात एकच उरलं होतं, बसडेपोच्या मागं, भिंतीला टेकलेलं. त्याच हिवाळ्यात ते वादळात पडलं. डेपोच्या लोकांनी दुपारपर्यंत त्याचे तुकडे करून गाडीत भरलेही.

पडायच्या आधी दोन महिने डॉक्टरांनी शिडी लावून त्याच्या बिया काढल्या होत्या. तीन पेले भरल्या. त्या मीच साफ केल्या. काळ्याभोर, गव्हाएवढ्या, आणि प्रत्येकीच्या कडेला पांढरी रेघ, कुणीतरी पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातल्यासारखी.

बाई म्हणाल्या, "दर वसंतात एक पेला पेरायचा. एकदम पेरून एकदम हरायचं नाही."

पहिला पेला पेरला. मी पाटी लिहून वाफ्याच्या डोक्याशी खोचली. हिनं सांगितलं, "या वाफ्यात दुसऱ्या कुणाचा हात नको." कुणाचा गेलाही नाही. एक तण तिनं टिकू दिलं नाही. वाफा आरशासारखा स्वच्छ, आणि पाणझाड एकही उगवलं नाही. हिवाळ्यात खालचं पाणी हातभर चढलं, वाफे बुडाले, उतरलं. दुसऱ्या वर्षी दुसरा पेला. तेच. तिसऱ्या वर्षी बाईंनी शेवटचं पाकीट कप्प्यातून काढलं तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "यंदा नाही तर नाहीच." त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही जास्तीचं लपवून ठेवलंय.

तण भरलेल्या बादल्या वर नेऊन ढिगावर ओतणं हे माझं काम. ढीग जुन्या तिकीट खिडकीपाशी होता. पेरणीनंतरच्या चौथ्या शनिवारी मी हिची बादली ओतली आणि एक रोप माझ्या बुटावर पडलं. लाल देठ, दोन गोल पानं, उंदराच्या कानांसारखी. मला ते ओळखीचं वाटलं. नाव आठवायच्या आधी माझ्या तोंडाला कडू चव आली. मी पान चावलं. तेच कडू.

त्याला आम्ही पोरं रुसवा म्हणायचो. ते दिसलं की बदकं तोंड फिरवायची, म्हणून रुसवा. दलदलीत जिथं तिथं असायचं. आम्हाला त्याचा काही उपयोग नव्हता, म्हणून आम्ही कधी त्याचा विचार केला नाही. तिकीट खिडकीपाशी उभा राहून मला ती बदकं दिसली, ओळीनं जाणारी, आणि एका जागी सगळीच्या सगळी वळसा घालणारी. ती जागा कुठली होती? पाणझाडाखालची. नेहमी पाणझाडाखालचीच.

मी ते रोप उजेडात धरलं. एका पानाच्या टोकावर अजून बी अडकलेलं होतं, टोपी घालावी तसं. काळं, आणि कडेला पांढरी रेघ.

टोपी एक-दोन दिवसच राहते, मग गळून पडते. हे रोप दुसऱ्या एका तणाला चिकटून वेळेआधीच निघालं होतं, म्हणून टोपीसकट आलं. नाहीतर मलाही कधी कळलं नसतं. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. वरच्या थरात अकरा रुसवे सापडले, सुकलेले. खाली सगळं तपकिरी झालं होतं, त्यात काय काय होतं ते कोण सांगणार?

फळ्यावर पाणझाडाचं मोठेपणीचं पान होतं. लहानपणीचं कुणी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं, पण मला ते कुणाचं ते माहीत नव्हतं. आणि माझ्या बायकोनं तीन वर्षं, एकही न चुकवता, शहरातली शेवटची पाणझाडं मुळासकट उपटून बादलीत टाकली होती.

ती अकरा मी अंघोळीच्या खोलीत एका बशीत ओली माती घालून लावली. कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं, सगळी आडवी झाली होती. टोपीवालं मी रिकाम्या काडेपेटीत ठेवलं.

आठवडाभर ती काडेपेटी माझ्या खिशात होती. तिला सांगावं, तर तिची एकच जागा जाते, जिथं तिला कुणी हलवत नाही. न सांगावं, तर वाफ्यात अजून जे काही यायचं बाकी आहे तेही जातं. रात्रभर असं, आणि सकाळी उठल्यावरही असंच. शनिवारी मी म्हणालो, "आज गुडघा धरलाय माझा. नको जायला."

"तुम्ही बसा घरी. मी जाते."

मग मीही गेलो. तळात उतरल्यावर म्हणालो, "आज लव्हाळ्याकडे बस की. तिकडे फार माजलंय."

"लव्हाळ्याकडे चौघं बसलीत. मला कुठं बसायचं ते तुम्ही नका सांगू. त्यासाठी घरी विहीणबाई आहेत अजून."

मी तिच्या शेजारी फळीवर बसलो. तिची बोटं गाळावरून फिरत होती, पाण्यावरून माशी फिरते तशी. लाल देठ आला की दोन बोटं खाली जायची, जराशी हलायची आणि वर यायची. मी मोजत होतो. मोजण्यापलीकडे काही केलं नाही. ते माझं पाप. ती गुणगुणत होती, वरून उजेड निळा होऊन उतरत होता, सगळं इतकं शांत होतं की बोलून ते मोडायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या शनिवारी धुकं पडलं. तलाव काठोकाठ धुक्यानं भरला होता. आम्ही पायऱ्या उतरून त्यात शिरलो तेव्हा आधी पाय दिसेनासे झाले, मग हात. माणसांचे आवाज येत होते आणि माणसं नव्हती. कुणीतरी हसलं, कुणाची तरी बादली वाजली. हिनं फळी चाचपून काढली, गुडघे टेकले, आणि तिचा हात गाळावर गेला. मी तिचं मनगट धरलं.

"जरा थांब."

"काय झालं?"

"ते राहू दे."

"हे? हे तण आहे."

"पाणझाड आहे ते."

ती हसली. "पाणझाडाचं पान असं असतं होय? फळ्यावर बघा जाऊन. तुम्हीच लिहिलंय खाली."

"लहानपणी असंच असतं. आपल्या नाती जन्मल्या तेव्हा तरी कुणासारख्या दिसत होत्या?"

"विहीणबाईंसारख्या. मिशीसकट."

मी काडेपेटी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उघडली, डोळ्यांशी नेली, मग टोपीवरून बोट फिरवलं. बिया तिनंही पेरल्या होत्या. पांढरी रेघ तिच्या बोटाला लागली असणार. धुक्यात मला तिचं तोंड नीट दिसत नव्हतं, आणि मी ते बघायचाही प्रयत्न केला नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"दोन आठवडे झाले."

"म्हणजे गेल्या शनिवारी माझ्या शेजारी बसून बघत होता."

"हो."

"किती उपटली मी गेल्या शनिवारी?"

"नऊ."

"दहा," ती म्हणाली. "एक तुमच्या पाठीमागं होतं."

मघाचं रोप मुळासकट निघालंच होतं; तिनं ते परत गाळात टेकवलं, ते आडवं झालं. "मला वाटायचं, हे तण शहाणं आहे. सरळ ओळीत उगवतं. बाईंना सांगणार होते मी, पहिल्याच वर्षी. मग वाटलं, म्हातारी काहीतरीच बोलते म्हणून हसतील." तिनं काडेपेटी बंद केली. "ओळीत कोण पेरतं हो? आपणच पेरतो की."

धुकं विरल्यावर चहाला सगळे कपडे बदलायच्या खोलीत जमले. ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांना सांगितलं. रडली नाही, थांबली नाही, जे झालं ते झालं तसं सांगितलं. लाल देठाचं ते तण मी तीन वर्षं काढत होते, तेच पाणझाड होतं, आता वाफ्यात काही नाही. बाईंनी काडेपेटी हातात घेतली आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

"फळा माझा आहे," बाई म्हणाल्या. "चूक माझी."

"हात माझा आहे," ही म्हणाली.

डॉक्टर पुढं झाले. "आजी, मीही एकदा भलताच दात काढलाय. चांगला होता."

"परत बसवला?"

"नाही."

"मग त्या माणसानं काय केलं?"

डॉक्टर अवघडले. "त्यानं... दुसरा डॉक्टर केला."

"मग तुम्हीही दुसरं माणूस करा," ती म्हणाली. मनगटातला किल्लीचा पट्टा काढून तिनं बाकावर ठेवला आणि चपला घातल्या.

ती त्यानंतर तलावावर गेली नाही. बाई दोनदा घरी आल्या, विहीणबाईंनी त्यांना चहा दिला, ही आतून बाहेर आली नाही. मी शनिवारी जायचो. पाणझाडाच्या वाफ्यात कुणी हात लावायचा नाही असं ठरलं होतं. त्यात तणच तण माजलं. मी दर वेळी त्यात लाल देठ शोधला. उशीर झाला होता. पेल्यातल्या सगळ्या बिया उगवून गेल्या होत्या.

घरी ती खिडकीपाशी खुर्चीत बसायची. मुली आता घरभर धावायच्या, त्यांना वाट हवी असायची, म्हणून विहीणबाई खुर्ची जरा सरकवायच्या, तिच्यासकट. पूर्वी ती फणकारली असती. आता पाय उचलून घ्यायची. मुलगा मला म्हणाला, "आईला बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे."

उन्हाळा संपता संपता एके दुपारी सगळे निजले होते. मला वाटलं ही पण निजलीय. डोळे मिटलेले होते तिचे.

"पायऱ्यांच्या कडेला खाच आहे ना," ती डोळे न उघडता म्हणाली.

"कुठल्या पायऱ्या?"

"तलावातल्या. उथळ बाजूच्या. पायऱ्या आणि भिंत यांच्या मध्ये, दीड हात रुंद. पाणकणसाची गर्दी असते बघा तोंडाशी, मी माझी रिकामी पोती तिथं टाकायची."

"तिचं काय?"

"तिथं मी कधी गेलेच नाही. तीन वर्षांत एकदाही नाही."

"दर शनिवारी 'झालं' म्हणायचीस की बाईंना!"

"म्हणायची." आता तिनं डोळे उघडले. "रांगत जावं लागतं तिथं. फळीवर टेकायचे माझे गुडघे, पण रांगणं त्यांना झेपत नव्हतं. सांगितलं असतं तर तुमच्या त्या बाईंनी मला खुर्चीवर बसवून पाकिटं चिकटवायला लावली असती. म्हणून पोत्यांनी तोंड बंद करून टाकलं. कुणी बघू नये म्हणून." ती माझ्याकडे बघत होती. "पहिल्या हिवाळ्यात पाणी हातभर चढलं होतं. बी तरंगतं का हो?"

मी चपला शोधत होतो.

मधल्या वारी तलावावर कुणी नसायचं. फाटकाला कुलूप होतं, पण कुंपणाची एक फट सगळ्यांना माहीत होती. खाली कोरडं, गरम, शांत होतं. फरशीवरून उन्हाची जाळी हलत होती, पाणी नसतानाही. आम्ही पोती ओढून काढली. मी म्हटलं, "मी जातो आत." ती म्हणाली, "तुम्हाला काय कळणार?" आणि खाली बसली. गुडघे टेकताना तिनं माझ्या खांद्याला धरलं आणि दात आवळले. मग पाणकणसं दोन्ही हातांनी बाजूला करून ती आत शिरली. थोड्या वेळानं तिचे फक्त तळवे दिसत होते.

"दिसतंय का काही?"

"अंधार आहे."

"लाल देठ?"

"गप्प बसा जरा. लागतोय का ते बघू दे."

मी तिथं उभा होतो. वरून एक बस गेली. मला वाटलं, पाणी परत आलंय, ते माझ्या डोक्यावर हातभर आहे, आणि ती त्याच्या तळाशी श्वास धरून बसली आहे. किती वेळ गेला ते कळलं नाही.

"चार," आतून आवाज आला.

"काय चार?"

"चार आहेत. एक माझ्या कमरेएवढं आहे. खाली पानं गोल आहेत. वर..." ती थांबली. "वर लांब आहेत. अहो, खाली गोल आणि वर लांब. एकाच देठाला!"

शनिवारी ती स्वतः बाईंसमोर उभी राहिली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"दर शनिवारी."

"दर शनिवारी."

"फार बरं केलंत," बाई म्हणाल्या, आणि फरशीवरच बसल्या.

रोपं हलवायची नाहीत असं बाईंनी ठरवलं. उजेडच त्यांच्याकडे न्यायचा. म्हणजे पायऱ्या फोडायच्या. जन्मभर मी फरशी बसवली होती, त्यामुळे ती कुठून सुटते तेही मलाच माहीत होतं. मी छिन्नी लावून एकेक फरशी आधी मोकळी केली, मग डॉक्टरांनी आणि आणखी दोघांनी घण घेतला. ही रोपांवर पोतं धरून आत बसली होती, तुकडे उडून लागू नयेत म्हणून. डॉक्टर प्रत्येक घावाआधी विचारायचे, "आजी, दुखलं तर हात वर करा."

"तुम्ही मारा हो. बोलता फार."

दुपारी शेवटची पायरी पडली. ऊन आत आलं. चारही रोपं फिकट, लांबुडकी, उजेडाकडे माना वळवलेली. बाईंनी फळ्यावरचं जुनं पान काढलं नाही. त्याच्या शेजारी गोल पान लावलं आणि मला दोन्हींच्या खाली एकच नाव लिहायला सांगितलं.

पट्टा हिनं परत मनगटात घातला. खुर्चीही मागून घेतली, बुटकी, पाय कापलेली, वाफ्यात बसायला. आता ती सावकाश काम करायची. अनोळखी काही आलं की उपटायच्या आधी आठवडा-दोन आठवडे वाट बघायची, शेजारी काडी खोचून ठेवायची. तिचा वाफा सगळ्यांत घाणेरडा दिसायचा. नवी माणसं नाकं मुरडायची. ती त्यांना काही सांगत नसे.

चारांतलं एक पहिल्याच हिवाळ्यात गेलं. तीन जगली. त्यांतल्या एकाला गेल्या वर्षी बी धरलं आणि ते डॉक्टरांनी शिडी न लावता, हातानं काढलं.

माझी बायको पायऱ्या फोडल्यानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबरच्या सहा तारखेला, शुक्रवारी दुपारी, घरी झोपेत वारली. तिचं वय चौऱ्याहत्तर होतं.